गणिताची तकरार

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





 बक्षीस समारंभात पाहुण्याने मुलांना उपदेश करावा अशी प्रथा आहे. मी मात्र आज मुलांना उपदेश करणार नाही. तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षकाला स्वतःच्या चुका दिसू लागतात. त्यांतली एक चूक आपल्यापुढे ठेवावी आणि तिच्यावरून संस्थेकडे एक मागणी करावी, एवढाच माझा उद्देश आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. पण आपल्या मदरशांत ‘तकरार’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. उस्तादांचा धडा संपला की विद्यार्थी लहान लहान टोळ्या करून बसतात. त्यांतला एक जण तोच धडा पुन्हा सांगतो. बाकीचे ऐकतात, मध्येच अडवतात, ‘हे कसे?’ म्हणून विचारतात. सांगणाऱ्याला उत्तर देता आले नाही, तर त्याला धडा नीट कळला नव्हता हे सर्वांना समजते आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःलाही समजते. यालाच तकरार म्हणतात. आपल्या आजोबा-पणजोबांना ही पद्धत परिचयाची होती. शाळेत आल्यावर आपण ती मदरशाच्या दारातच ठेवून आलो. गणिताच्या तासाला तर आपण तिला पार हद्दपार केले आहे. गणिताच्या तासाला मुले बोलू लागली की आपण शिक्षक म्हणतो, ‘गप्प बसा, गणित सोडवा.’

आता माझी चूक सांगतो. नववीच्या वर्गात मी पायथागोरसचे प्रमेय शिकवत होतो. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे फळ्यावर लिहून झाले. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील गवंडीकाम करीत. तो म्हणाला, ‘सर, आमचे अब्बा घराचा पाया आखताना दोरीला तीन, चार आणि पाच हाताच्या खुणा करतात. तीन खुंट्यांना दोरी ताणली की कोपरा गुण्यात येतो. हे तेच काय?’

मी त्याला म्हणालो, ‘खाली बस. ते परीक्षेत येणार नाही.’

मित्रहो, त्या मुलाने जे विचारले होते ते प्रमेय नव्हते, प्रमेयाचा व्यत्यास होता. मी फळ्यावर लिहिले होते की कोपरा काटकोन असेल तर वर्गांची बेरीज जुळते. त्याचे अब्बा म्हणत होते की वर्गांची बेरीज जुळली तर कोपरा काटकोन होतो. नऊ आणि सोळा मिळून पंचवीस होतात, म्हणून भिंत गुण्यात येते. ही दोन विधाने सारखी दिसतात, पण एक नव्हेत. ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते’ हे खरे असले, तरी ‘अंगण ओले आहे म्हणजे पाऊस पडला’ असे म्हणता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या विधानाला वेगळी सिद्धता लागते. त्या दिवशी मी ‘हे तेच काय?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून वर्गाला विचारला असता, तर त्या चाळीस मुलांना सिद्धता म्हणजे काय हे जन्मभरासाठी कळले असते. तो मुलगा नंतर वर्गात कधी बोलला नाही. दहावीनंतर त्याने शाळाही सोडली. माझ्यामुळेच सोडली असे मी म्हणत नाही. पण त्याच्या घरातले गणित आणि पुस्तकातले गणित यांच्यामधले दार मी माझ्या हाताने लावून घेतले, हे मला नाकारता येत नाही.

मला याचे अधिक वाईट वाटले ते पुढे अबुल वफा बूझजानी यांच्याविषयी वाचले तेव्हा. हे दहाव्या शतकातले थोर गणिती. इ. स. ९४० मध्ये खुरासानातल्या बूझजान येथे त्यांचा जन्म झाला आणि तरुणपणीच ते बगदादला आले. त्रिकोणमितीत त्यांचे मोठे नाव आहे. पण त्यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवरही एक पुस्तक लिहिले. त्या पुस्तकात ते एका बैठकीची हकीकत सांगतात. या बैठकीला एका बाजूला भूमितीचे पंडित होते आणि दुसऱ्या बाजूला फरशा-नक्षीचे काम करणारे कारागीर होते. प्रश्न असा निघाला की सारख्या मापाचे तीन चौरस आहेत. ते कापून, तुकडे जोडून, एकच मोठा चौरस कसा करावा?

पंडितांना प्रश्न सोपा वाटला. लहान चौरसाची बाजू एक असेल तर मोठ्याची बाजू तीनच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १.७३२ हवी. तेवढ्या लांबीची रेषा त्यांनी काढून दाखवली. कारागीर म्हणाले, रेषा घेऊन आम्ही काय करू? फरशी कशी कापायची ते सांगा. कारागिरांच्याही स्वतःच्या रीती होत्या. त्यांतल्या काही रीतींनी झालेली आकृती डोळ्यांना चौरस दिसे, पण बारकाईने तपासले तर मापात बसत नसे. अबुल वफांनी दोघांचेही उणे दाखवले. पंडिताला सिद्धता येते पण हाताने करण्याची अडचण कळत नाही. कारागिराला हात चालवता येतो पण तो डोळ्यांवर विसंबतो. आणि मग त्यांनी दोघांनाही पटेल अशी रीत दिली.

ती रीत इतकी सुंदर आहे की आज घरी जाऊन प्रत्येकाने कागदावर करून पाहावी. तीनपैकी दोन चौरस कर्णावर कापा. चार सारखे त्रिकोण मिळतील. तिसरा चौरस न कापता मध्ये ठेवा. त्याच्या प्रत्येक बाजूला एकेक त्रिकोण असा लावा की त्रिकोणाची लांब बाजू चौरसाच्या बाजूला चिकटेल आणि तिचे एक टोक चौरसाच्या कोपऱ्यावर येईल. दुसरे टोक पुढे निघून राहील. चारही त्रिकोण एकाच दिशेने लावले की भिरभिऱ्यासारखी आकृती होते. आता चारही त्रिकोणांचे बाहेर आलेले काटकोनी कोपरे सरळ रेषांनी जोडा. झाला मोठा चौरस. त्या रेषांच्या बाहेर जे चार लहान तुकडे राहतात, ते कापून आतल्या चार मोकळ्या जागांत बरोबर बसतात.

हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये एवढा मोठा विद्वान कारागिरांच्या शेजारी बसून त्यांचा प्रश्न ऐकून घेतो, आणि मी एका गवंड्याच्या मुलाला खाली बसवतो! इस्लामी गणिताची थोरवी आपण स्नेहसंमेलनात मोठ्या अभिमानाने सांगतो. बीजगणिताला अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथावरून ‘अल्जेब्रा’ हे नाव पडले, हे आपल्या मुलांना पाठ असते. पण नाव पाठ असणे हा वारसा नव्हे. ती बैठक चालू ठेवणे हा वारसा आहे.

कोणी म्हणेल, त्या जुन्या गोष्टी झाल्या. म्हणून अलीकडच्या काळातले उदाहरण देतो, आणि तेही एका अल्पसंख्य समाजाचे. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरी देशात १९२० साली एक कायदा झाला. विद्यापीठांत कोणत्या समाजाचे किती विद्यार्थी घ्यावेत यावर त्याने मर्यादा घातली. त्याचा रोख ज्यू विद्यार्थ्यांवर होता. कितीही हुशार असले तरी त्यांना प्रवेश अवघड झाला. मिळाला तरी पुढे नोकरीची आशा थोडी.

परंतु त्या देशात एक चांगली गोष्ट आधीपासून होती. १८९४ साली ग्यॉर गावच्या दानिएल आरान्य नावाच्या एका शिक्षकाने शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे एक मासिक सुरू केले होते. त्यात दर महिन्याला प्रश्न येत. मुले घरून उत्तरे पाठवीत. चांगली उत्तरे मुलांच्या नावांसह छापून येत. पुढे तर उत्तम उत्तरे देणाऱ्यांची छायाचित्रेही छापली जाऊ लागली. वेगवेगळ्या शाळांतली मुले एकमेकांना भेटण्याआधीच नावाने आणि चेहऱ्याने ओळखू लागली.

यांतली काही मुले मोठी होऊन बुडापेस्टला एकत्र आली. बहुतेक ज्यू होती. शहरातल्या बागेत एका अनामिक इतिहासकाराचा पुतळा आहे. त्याच्या पायथ्याशी ती जमत. कोणी गणिताचा विद्यार्थी, कोणी भौतिकशास्त्राचा, तर जॉर्ज सेकेरेश नावाचा तरुण रसायन अभियांत्रिकी शिकणारा, म्हणजे गणितात हौशीच. १९३३ च्या सुमारास त्यांच्यातल्या एस्तेर क्लाइन या मुलीने एक प्रश्न मांडला. कागदावर कोणतेही पाच बिंदू घ्या. फक्त कोणतेही तीन एका रेषेत नकोत. त्यांतले चार बिंदू असे नक्की सापडतील की ज्यांचा, एकही कोपरा आत न गेलेला, चौकोन होईल. असे का?

याचे उत्तर तिने स्वतःच दिले. एका फळीवर पाच खिळे ठोकले आहेत आणि त्यांच्या भोवती एक रबर ताणून सोडले आहे असे समजा. रबर पाचही खिळ्यांना टेकले तर त्यांतले कोणतेही चार घ्या. चारांना टेकले तर तेच चार घ्या. तीनांनाच टेकले तर दोन खिळे त्रिकोणाच्या आत आहेत. त्या दोन खिळ्यांतून एक सरळ रेषा काढा. त्रिकोणाचे तीन कोपरे. रेषेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक पडणारच. एका बाजूचे दोन आणि आतले दोन मिळून हवा तो चौकोन होतो. या सिद्धतेला ना सूत्र लागले, ना मोठे पुस्तक. सहावीतल्या मुलालाही ती समजेल.

मग मंडळी विचारू लागली की पंचकोनासाठी किती बिंदू लागतील? उत्तर आले, नऊ. षट्कोनासाठी? अंदाज सतरा होता. सेकेरेश आणि पॉल एर्डोश यांनी १९३५ साली या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. एर्डोश पुढे जगातल्या अग्रगण्य गणितज्ञांत गणले गेले. सेकेरेश आणि एस्तेर क्लाइन यांचा १९३७ साली विवाह झाला, म्हणून एर्डोश गमतीने या प्रश्नाला ‘सुखान्त प्रश्न’ म्हणत. सगळ्यांच्याच वाट्याला सुखान्त आला नाही. त्या मंडळातल्या काहींचा पुढे नाझी छळात बळी गेला. सेकेरेश दांपत्य शांघायमार्गे १९४८ साली ऑस्ट्रेलियाला पोहोचले. सेकेरेश अनेक वर्षे कातडी कमावण्याच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ म्हणून राबले, पण हातातला प्रश्न त्यांनी सोडला नाही. पुढे ते विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. षट्कोनाला सतरा बिंदू पुरतात ही सिद्धता संगणकाच्या मदतीने २००६ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावर सेकेरेश यांचेही नाव आहे. पती-पत्नी २८ ऑगस्ट २००५ रोजी, एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने वारली. बाजू कितीही असल्या तरी लागू पडेल असे सूत्र मात्र आजही सिद्ध झालेले नाही.

मी आपली स्थिती त्यांच्यासारखी आहे असे म्हणत नाही. पण ज्यांच्यासमोर दारे बंद झाली, त्यांनी बागेतल्या बाकावर स्वतःची शाळा भरवली, एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यावे. आपल्या मुलांना जागा मिळत नाहीत, शिकवणीची फी परवडत नाही, ही आपली गाऱ्हाणी खरी आहेत. त्यांचा पाठपुरावा संस्थेने अवश्य करावा. पण तक्रार चालू असताना तकरार बंद पडू देऊ नये.

आपल्या देशातही हे घडलेले आहे. मद्रास इलाख्यातले एक डेप्युटी कलेक्टर, व्ही. रामस्वामी अय्यर, यांनी १९०७ साली गणिताची आवड असणाऱ्यांना पत्रे लिहून एक मंडळ काढले. वर्गणी काढून परदेशी मासिके मागवायची आणि ती टपालाने एकमेकांकडे फिरवायची, असा तो खटाटोप होता. या मंडळाचे ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात ठेवले होते. यातूनच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी उभी राहिली. तिच्या नियतकालिकात सभासदांनी एकमेकांना प्रश्न घालण्याचे सदर असे. १९११ साली पदवी नसलेल्या एका तरुणाने त्यात एक प्रश्न टाकला. वर्गमुळाच्या आत वर्गमुळ, त्याच्या आत आणखी वर्गमुळ, अशी न संपणारी रास. तिची किंमत काय? कोणाचेच उत्तर आले नाही. शेवटी त्या तरुणानेच सांगितले की उत्तर तीन. त्या तरुणाचे नाव श्रीनिवास रामानुजन. केंब्रिजच्या हार्डींनी त्यांना ओळखले हे सर्वांना माहीत आहे. पण त्याआधी प्रश्नांच्या त्या सदराने त्यांना जागा दिली होती, हे आपण विसरतो.

आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. त्यांना संख्यांचा नाद होता. त्यांनी १९४९ साली एक गंमत दाखवली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठीतून लहान वजा करा. समजा, ३५२४ घेतली. ५४३२ मधून २३४५ वजा केले, आले ३०८७. आता ८७३० मधून ०३७८ वजा केले, आले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ वजा केले, आले ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहील. कोणतीही संख्या फार तर सात पायऱ्यांत तेथे पोहोचते. एका शाळामास्तराचा हा शोध १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून जगभर पोहोचवला.

आता कोणी पालक विचारतील की आज हे सगळे कशाला? मुलांच्या हातात मोबाईल आहे. गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येते. खरे आहे, आणि मी मोबाईलचा शत्रू नाही. त्याच मोबाईलवरून एक मुलगी आपला अर्धा सुटलेला प्रश्न दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला पाठवू शकते, आणि तसे तिने जरूर करावे. पण उत्तर मिळणे आणि समजणे यांत अंतर आहे. आयते उत्तर आपल्याला अडवत नाही, ‘हे कसे?’ म्हणून विचारत नाही. ते काम दुसऱ्या माणसाचेच आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर एक खोली एक तास उघडी ठेवावी. तेथे एक फळा, खडू आणि एक वही असावी. शाळेच्या दर्शनी भागात दर आठवड्याला एक प्रश्न लिहून लावावा. पाचवीपासून बारावीपर्यंत कोणीही यावे. शिक्षकाने तेथे जाऊन शिकवू नये, मागे बसावे. या बैठकीचे नियम मी माझ्या चुकांवरूनच केले आहेत. विचारणाऱ्याने ‘मला येत नाही’ एवढेच न म्हणता कुठपर्यंत आले ते सांगावे. ज्याला येते त्याने पूर्ण उत्तर न देता पुढची एकच पायरी दाखवावी. चुकणाऱ्याला कोणी हसू नये. ‘कळले नाही’ म्हणणाऱ्याला पहिला मान द्यावा, कारण बहुधा त्याच्यामुळेच सांगणाऱ्यालाही कळते. शेवटी एकाने संपूर्ण सिद्धता वहीत स्वच्छ लिहावी आणि खाली सगळ्यांची नावे घालावीत.

दोन गोष्टी विशेष सांगतो. पहिली मुलींविषयी. आपल्या वर्गांत मुली गुण अधिक मिळवतात आणि प्रश्न कमी विचारतात. बुडापेस्टच्या बागेतला तो प्रश्न एका मुलीने मांडला होता. भास्कराचार्यांच्या ज्या ‘लीलावती’चे अकबराच्या आज्ञेने फैजीने १५८७ साली फारसी भाषांतर केले, त्या ग्रंथातले कितीतरी प्रश्न लीलावतीला संबोधूनच विचारलेले आहेत. तेव्हा या खोलीत मुलींची बाके मागे नसावीत, आणि फळ्यापाशी जाण्याची पाळी त्यांचीही असावी. दुसरी गोष्ट पालकांविषयी. महिन्यातून एकदा एखाद्या गवंड्याला, शिंप्याला, सुताराला किंवा होडी बांधणाऱ्याला तेथे बोलवावे. त्याने आपले माप कसे घेतो ते दाखवावे आणि मुलांनी ते बरोबर का येते ते शोधावे. ज्या मुलाच्या अब्बांना फळ्यापाशी उभे राहण्याचा मान मिळेल, त्या मुलाला मागच्या बाकावर बसवणे कोणालाही जमणार नाही.

यातून उद्याच रामानुजन निघतील असे मी म्हणत नाही. बहुतेक मुले आपापल्या उद्योगाला लागतील. पण ‘मी सांगतो म्हणून’ आणि ‘हे असे आहे म्हणून’ यांतला फरक ज्या मुलाला एकदा कळला, त्याला पुढे बाजारात, कचेरीत किंवा निवडणुकीत फसवणे सोपे जात नाही. समाजाला आज अशा माणसांची गरज आहे.

जाता जाता, या वर्षीचा पहिला प्रश्न मीच फळ्यावर ठेवतो. कापरेकरांची ती वजाबाकी चार अंकांऐवजी तीन अंकांवर करून पाहा. काय येते? आणि असेही विचारा की या वजाबाकीत जी संख्या येते तिला नऊने नेहमी भाग का जातो? उत्तर मी सांगणार नाही. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ते सिद्धतेसह छापावे, आणि त्याखाली विद्यार्थी-विद्यार्थिनींची नावे असावीत, एवढीच माझी अध्यक्षांना विनंती आहे.

आणि माझ्या वर्गातला तो मुलगा, आता मोठा माणूस झाला असेल. हे पान त्याच्या हाती पडलेच तर त्याने वाचावे, म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे लिहून ठेवतो. नाही बेटा, ते तेच नव्हे. तुझ्या अब्बांचे विधान वेगळे होते आणि तेही खरे होते. तू बरोबर विचारले होतेस.